संसार सांभाळून नर्सिंग शिकताना: प्रवेशापासून नोंदणीपर्यंतची आखणी

बारावी होऊन आठ-दहा वर्षे लोटली आहेत, घरात एक-दोन मुले आहेत, कदाचित सासू-सासरेही आहेत, आणि आता नर्सिंगला प्रवेश घ्यायचा आहे किंवा नुकताच घेतला आहे, अशा पुण्यातल्या विद्यार्थिनींसाठी हा लेख आहे. त्यात सांगितलेले बहुतेक सारे अशा स्थितीतल्या पुरुषांनाही लागू आहे. या विषयावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे पहाटे चारला उठा, वेळेचे नियोजन करा आणि जिद्द ठेवा. यात चूक काही नाही, पण नर्सिंगचे शिक्षण बाकीच्या पदव्यांपेक्षा कोठे वेगळे आहे, हे त्यातून कळत नाही. बी.ए. किंवा बी.कॉम. घरून अभ्यास करून पार पाडता येते. नर्सिंगमध्ये प्रत्येक विषयात किमान ८० टक्के हजेरी असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि वॉर्डमधल्या प्रत्यक्ष कामाची हजेरी तर पदवी किंवा पदविका हाती पडण्याआधी १०० टक्के भरावी लागते. गैरहजेरी आजारपणाची होती, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे, म्हणून ही अट सैल होत नाही. पुस्तकाचा अभ्यास रात्री दहाला करता येतो, पहाटे पाचला करता येतो, बसमध्येही करता येतो. वॉर्ड मात्र त्याच दिवशी, त्याच वेळी गाठावा लागतो. म्हणून घराची सारी आखणी अभ्यासाच्या वेळेभोवती न करता पोस्टिंगच्या, म्हणजे हॉस्पिटलमधल्या नेमून दिलेल्या प्रत्यक्ष कामाच्या, वेळापत्रकाभोवती करावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रवेश घेण्याआधी

कोणता अभ्यासक्रम घ्यायचा, हे ठरवताना किती वर्षे हाताशी आहेत, याचा विचार आधी करावा. एएनएम (सहाय्यक परिचारिका व प्रसाविका) दोन वर्षांचा आहे, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. बी.एस्सी.साठी बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्रासह, झालेली असावी लागते आणि राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जीएनएमला अन्य शाखांतून बारावी झालेल्यांनाही वाव आहे, इंग्रजी विषय मात्र हवा. कला शाखेतून बारावी झालेली, पस्तिशीच्या अलीकडे असलेली स्त्री बी.एस्सी.च्या हट्टापायी एखादे वर्ष घालवण्यापेक्षा जीएनएम करून नोकरीला लागली, तर ते अधिक शहाणपणाचे ठरते. पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत करता येते. जीएनएमसाठी वयाची वरची मर्यादा ३५ वर्षे आहे, तेव्हा ‘धाकटा शाळेत जायला लागला की पाहू’ असे म्हणण्याआधी आपले वय मोजून घ्यावे. वयाची आणि गुणांची अट त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावी.

‘घरबसल्या जीएनएम’, ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा जाहिराती चौकाचौकांत लागलेल्या असतात, आणि संसारी स्त्रीलाच त्यांचा मोह अधिक पडतो, कारण हजेरीचा प्रश्नच तिथे सुटलेला दिसतो. अशा प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून नोकरी करता येत नाही. संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, आणि बी.एस्सी. असेल तर ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठाशी संलग्न आहे का, एवढ्या दोन गोष्टी पैसे भरण्याआधी पाहाव्यात.

कागदपत्रांत विवाहितेची हमखास अडचण नावाची असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार कार्ड सासरच्या नावाने, बँकेचे खाते तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले, आणि जातीचा दाखला पुन्हा माहेरचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच नाव प्रवेशापासून नोंदणीपर्यंत चालवावे, हा सर्वांत सोपा मार्ग आहे. नाव बदललेलेच असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नोंद प्रवेशाआधीच तयार ठेवावी. अर्ज भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात हे काम होत नाही.

शुल्काबाबत जुलै २०२४च्या शासननिर्णयाची माहिती असणे आवश्यक आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क त्याने पूर्ण माफ केले आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना आहे, व्यवस्थापन कोट्यातील जागांना नाही. एका फेरीची वाट न पाहता घाईने व्यवस्थापन कोट्यात प्रवेश घेतला, तर ती हातची जाते. अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर करायचा असतो. विवाहित विद्यार्थिनीने उत्पन्न कोणाचे दाखवायचे, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून मगच तहसील कार्यालयातून दाखला काढावा.

कॉलेजपेक्षा हॉस्पिटल कोठे आहे ते पाहावे

कॉलेज घराजवळ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पहिल्या काही महिन्यांनंतर निम्म्याहून अधिक वेळ कॉलेजबाहेर जातो. मनोविकार परिचर्येचे पोस्टिंग येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या ठिकाणी असू शकते, सामुदायिक आरोग्याचे एखाद्या ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रात, तर प्रसूती विभागाचे मूळ हॉस्पिटलपासून दूर महापालिकेच्या रुग्णालयात. कॉलेजची बस पोस्टिंगच्या ठिकाणी सोडते का, की आपापले जायचे असते, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारावा आणि शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला विचारावा, कार्यालयातल्या खिडकीवर नव्हे.

प्रवासाचा हिशेब मिनिटांत न मांडता खात्रीत मांडावा. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट या दोन्ही मेट्रो मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना मिळतात, त्यामुळे कोथरूड किंवा पिंपरीहून ससूनला येणारीला पुणे रेल्वे स्थानकापर्यंतची वेळ बऱ्यापैकी पक्की धरता येते. वाघोलीहून किंवा कात्रजपलीकडून येणारीला बस, रिक्षा किंवा दुचाकी यांवरच विसंबावे लागते, आणि पावसाळ्यात तर अर्धा तास जास्तीचा धरलेलाच बरा. भाड्याच्या घरात राहत असाल आणि घर बदलण्याचा विचार होताच, तर तो अभ्यासक्रम सुरू होण्याआधी उरकावा. दिवसातला एक तास वाचला की चार वर्षांत त्याचे किती होतात, हे सांगायला नको.

घरातली बोलणी आणि कामांचे हस्तांतर

प्रवेश मिळाल्यावर घरात पेढे वाटले जातात, ‘तू शिक, आम्ही आहोत’ असे म्हटले जाते, आणि तिसऱ्या महिन्यात घरातली सारी कामे पूर्वीसारखीच तिच्याकडे परत आलेली असतात. यामागे कोणाचा दुष्टावा असतो असे नाही. कामे प्रत्यक्षात कोणाच्या नावावर गेलेलीच नसतात, सर्वांनी ‘हातभार’ लावायचा एवढेच ठरलेले असते, आणि लक्षात ठेवण्याचे काम शेवटी तिचेच राहते. वॉर्डमध्ये ड्युटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक खाटेपाशी नेऊन रुग्णाची स्थिती सांगते, देऊन झालेली आणि द्यायची राहिलेली औषधे सांगते, आणि त्यानंतर त्या रुग्णाची जबाबदारी येणारीची असते. घरातली कामेही अशीच द्यावीत. ‘मुलाचे डबे’ हे काम नवऱ्याकडे गेले, तर त्यात आदल्या दिवशी भाजी आणणे, डबा घासलेला आहे की नाही पाहणे आणि रिक्षाकाकांच्या वेळेआधी तो भरणे, हे सगळे आले. ‘आज डब्यात काय देऊ?’ असा फोन वॉर्डमध्ये येत असेल, तर हस्तांतर झालेले नाही असे समजावे. आणि एकदा काम दिल्यावर भाजीत तिखट जास्त पडले किंवा गणवेशाला इस्त्री नव्हती, यावर आपण बोलायचे नाही. ही अट पाळणे कित्येकींना अभ्यासापेक्षा अवघड जाते.

ही बोलणी प्रवेशानंतर पहिल्या पंधरवड्यात, सर्वांना एकत्र बसवून करावीत. पुढील तीन-चार वर्षांत पोस्टिंग किती वाजता असते, रात्रपाळी कोणत्या वर्षी सुरू होते, परीक्षा साधारण कोणत्या महिन्यांत येतात, हे कागदावर दाखवावे. नवरा चाकणला किंवा रांजणगावला कारखान्यात पाळीने काम करत असेल, तर दोघांच्या पाळ्या एका कॅलेंडरवर लिहाव्यात. दोघेही घराबाहेर असतील असे दिवस त्यावर लाल रंगाने दिसले पाहिजेत, कारण खरी सोय त्याच दिवसांसाठी करायची असते. सासूबाई नातवाला सांभाळणार असतील, तर त्यांचा गुडघेदुखीचा किंवा रक्तदाबाचा त्रास आणि त्यांची भजनी मंडळाची दुपार हेही त्या कागदावर आले पाहिजे. आजी म्हणजे बिनपगारी पाळणाघर, असे धरून केलेली व्यवस्था फार टिकत नाही. अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस आजी, हे खर्चाचे असले तरी अधिक भरवशाचे आहे.

‘संसार झाल्यावर कसले शिकणे’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना पुण्याचाच दाखला देता येईल. रमाबाई रानडे यांनी १९०९मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले, तेव्हा तिथे शिकायला येणाऱ्यांत विधवा आणि विवाहित प्रौढ स्त्रिया मोठ्या प्रमाणावर होत्या, आणि त्यांतल्या काहींच्या परिचर्येच्या शिक्षणाची सोय ससून रुग्णालयात करण्यात आली होती. त्या काळी त्या स्त्रियांना लोकांचे बोलणे आजच्यापेक्षा कितीतरी अधिक ऐकावे लागले.

जी कामे कोणाकडेच देता येत नाहीत, ती विकत घ्यावीत किंवा सोडून द्यावीत. पोळ्यांना मावशी लावणे परवडत नसेल, तर निदान परीक्षेच्या महिन्यात पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणाव्यात. दिवाळीचा फराळ घरी झालाच पाहिजे, असा नियम कोठेही लिहिलेला नाही.

आठवड्याचा हिशेब

आठवड्याचे तास १६८. बी.एस्सी.च्या सध्याच्या अभ्यासक्रमात वर्ग, स्किल लॅब (कॉलेजातली सरावाची प्रयोगशाळा) आणि पोस्टिंग मिळून आठवड्याला किमान ४० तास धरलेले आहेत. प्रवासाचे १२ आणि झोपेचे रोजचे ७ प्रमाणे ४९ वजा केले, तर ६७ तास उरतात, आणि त्यांतच घर, मुले, आंघोळ-जेवण आणि अभ्यास बसवायचा आहे. १२ ते १४ तासांचा एकाग्र अभ्यास यात बसतो. त्यापेक्षा अधिक तासांचे वेळापत्रक भिंतीवर लावले, तर ते दुसऱ्या आठवड्यात मोडते आणि मग उगीच अपराधी वाटत राहते. रोज दीड तास आणि सुटीच्या दिवशी सलग चार तास, अशी विभागणी बहुतेकींना जमते. ते सलग चार तास घरात मिळत नाहीत, हे मान्य करून टाकावे. पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे सदाशिव पेठ, नवी पेठ आणि आता उपनगरांतही अभ्यासिका झाल्या आहेत. महिन्याची जागा घ्यावी आणि रविवारी सकाळी घराबाहेर पडावे. घरात दार लावून बसलेली आई मुलांच्या लेखी घरातच असते.

हजेरीचा हिशेबही दरमहा स्वतः लिहून ठेवावा. एखाद्या विषयाचे १०० तास असतील, तर २० तासांची सूट आहे असे दिसते. पण एक पूर्ण दिवस बुडाला की तीन-चार विषयांचे तास एकाच वेळी जातात. पहिल्या सत्राच्या उत्साहात लग्ने आणि बारशी यांवर ही सूट उधळू नये. निम्मी सूट मुलांच्या तापासाठी आणि घरातल्या आजारपणासाठी शेवटपर्यंत राखून ठेवावी. शाळेतले स्नेहसंमेलन किंवा बँकेचे काम यांसाठी सुटी घ्यायचीच असेल, तर ती पोस्टिंगच्या दिवशी न घेता वर्गाच्या दिवशी घ्यावी. बुडालेले पोस्टिंग भरून द्यावेच लागते आणि ते बहुधा सुटीत भरावे लागते. म्हणजे मुलांना दिलेला मे महिन्याचा शब्द त्यात जातो.

अभ्यास: मराठीतून समजून, इंग्रजीतून लिहून

मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि मध्ये दहा वर्षे गेलेल्या स्त्रीला पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक छळते ती इंग्रजी. शरीररचनाशास्त्राचे पुस्तक पाठ करण्याचा प्रयत्न करू नये. आधी शब्दांचे तुकडे शिकावेत: ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणे, ‘ऑस्टमी’ म्हणजे शस्त्रक्रियेने केलेले तोंड, ‘नेफ्रो’ म्हणजे मूत्रपिंडाशी संबंधित. असे पन्नास-साठ तुकडे ठाऊक झाले, की अनोळखी शब्दही उलगडतो. नंतर प्रकरण वाचून पुस्तक मिटावे, हृदयातून रक्त कसे फिरते ते मराठीत, मोठ्याने, स्वतःला किंवा घरात जो ऐकेल त्याला सांगावे, आणि मग तेच पाच-सहा साध्या इंग्रजी वाक्यांत लिहावे. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून सांगण्याने ते अधिक टिकते, आणि हे काम भाजी चिरतानाही करता येते.

औषधांच्या मात्रेची गणिते मात्र रोज एक, न चुकता सोडवावीत. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे आहे आणि सेट (सलाईनची नळी) मिलिलिटरला २० थेंबांचा आहे, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. शाळेत गणिताचा धसका घेतलेल्या स्त्रियाही महिन्याभरात यात तरबेज होतात, कारण यात गुणाकार-भागाकाराखेरीज काही नसते.

फायलींचे काम तुंबू देऊ नये. केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेची लेखी आखणी), केस स्टडी, औषधांची वही, प्रोसिजर बुक आणि केलेल्या कामांची नोंद असलेल्या लॉगबुकावरच्या सह्या, यांतच संसारी विद्यार्थिनीची सुट्यांची दुपार जाते, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण त्या दिवशीची माहिती त्या दिवशी लिहिलेली नसते हेच असते. रुग्णाची माहिती वॉर्डमध्येच छोट्या वहीत टिपावी, त्याचे नाव न लिहिता. संध्याकाळी अर्धा तास बसून कच्चा केअर प्लॅन उतरवावा. क्लिनिकल इन्स्ट्रक्टरची, म्हणजे वॉर्डमध्ये शिकवणाऱ्या शिक्षिकेची, सही ते पोस्टिंग संपण्याच्या आत घ्यावी, कारण महिन्याभराने मागितलेल्या सहीला फार प्रश्न येतात. सीनियरची फाईल नमुना म्हणून पाहायला हरकत नाही. तीच उतरवून काढली, तर तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

रात्रपाळी आणि घरी येणारा गणवेश

रात्रपाळी करून आलेली आई सकाळी घरात दिसते, म्हणून ती मोकळी आहे असे घरच्यांना वाटते. त्या आठवड्यापुरते सकाळी नऊ ते दुपारी एक हे तास झोपेचे म्हणून जाहीर करावेत, खोलीला जाड पडदा लावावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि संध्याकाळी आणखी दीड-दोन तास झोपावे. रात्र जागून दुचाकीवर घरी येणे धोक्याचे आहे. त्या आठवड्यात बस किंवा मेट्रो वापरावी.

हेपॅटायटिस ‘बी’च्या लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने असे घ्यायचे असतात, प्रवेश निश्चित होताच पहिला घ्यावा. गणवेश वेगळ्या पिशवीत आणून वेगळा धुवावा, उन्हात वाळवावा, चपला दाराबाहेर काढाव्यात आणि आंघोळ केल्याशिवाय तान्ह्याला उचलू नये. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर कांजिण्यांचे रुग्ण, एक्स-रे आणि केमोथेरपी यांच्याशी संबंधित काम नेमून देण्याआधी क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला सांगावे. सुई टोचली, तर जखम न पिळता साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि तत्काळ इन्चार्ज सिस्टरला कळवावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे लागणार असतील, तर ती पहिल्या दोन तासांत सुरू केलेली उत्तम आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. घरचे काळजी करतील, शिक्षण बंद करतील, या भीतीने ही गोष्ट लपवणाऱ्या मुली असतात; असे मुळीच करू नये.

सणवार, परीक्षा आणि मध्येच आलेली अडचण

ज्येष्ठ महिन्यात पालख्या पुण्यात येतात तेव्हा आणि गणेशोत्सवात शहराच्या मध्यभागाचे रस्ते बंद होतात, पोस्टिंग मात्र चालूच असते. त्या दिवसांचा पर्यायी रस्ता आधी ठरवावा. गौरी-गणपतीचा स्वयंपाक, मार्गशीर्षातले गुरुवार, हळदीकुंकू यांतले कोणते या वर्षी करायचे आणि कोणते जावेकडे किंवा नणंदेकडे सोपवायचे, हे सासूबाईंशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोलावे. आयत्या वेळी ‘माझी परीक्षा आहे’ असे सांगितले की ते टाळाटाळीसारखे वाटते.

एखादा विषय राहिला, तर त्याचा बाऊ न करता पुढच्या परीक्षेची तारीख कॅलेंडरवर लिहावी. उत्तीर्ण होण्यासाठी बहुतेक विषयांत ५० टक्के गुण लागतात आणि अंतर्गत गुणही त्यात धरले जातात, म्हणून सेशनल, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत, परीक्षा हलक्यात घेऊ नये. बाळंतपण, मोठे आजारपण किंवा घरातला मृत्यू यांमुळे खंड पडणार असेल, तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि परत कोणत्या सत्रात बसायचे ते लेखी घ्यावे. बी.एस्सी. पूर्ण करण्यास जास्तीत जास्त आठ वर्षांची मुदत आहे. एखादे वर्ष थांबून परत येणे शक्य आहे, न सांगता येणे बंद करणे मात्र महागात पडते.

अभ्यासक्रमाच्या शेवटी येणाऱ्या इंटर्नशिपमध्ये पूर्ण पाळ्या कराव्या लागतात आणि पाळ्यांचा तक्ता आता वॉर्डच्या गरजेप्रमाणे बदलतो. पहिल्या वर्षी केलेली कामांची वाटणी तोवर जुनी झालेली असते. मुले मोठी झालेली असतात, दप्तर भरणे आणि दूध तापवणे त्यांना जमू लागलेले असते. इंटर्नशिप सुरू होण्याच्या महिनाभर आधी ती वाटणी नव्याने करावी आणि त्याच सुमारास नोंदणीची कागदपत्रे, दहावीच्या प्रमाणपत्रापासून शेवटच्या गुणपत्रिकेपर्यंत, एका फाईलीत लावून ठेवावीत. निकाल लागल्यावर परिषदेकडे अर्ज त्याच आठवड्यात करता आला, तर नोकरीच्या मुलाखतीला नोंदणी क्रमांक हाती घेऊन जाता येते.